दिवा लागतो, डिस्क फिरत नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात तीन पिढ्यांपासून हळदीचा व्यापार करणारी एक पेढी आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर पेढीचे कामकाज पुरते सुरू होते न होते तोच जीएसटी खात्याची नोटीस येऊन थडकली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतरच्या महिन्यांत बारदान, वाहतूक आणि पॉलिशच्या यंत्रावर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट पुरवठादारांच्या विवरणपत्रांशी जुळत नव्हते. ३० दिवसांत बिलांसह खुलासा करावा, असे तीत म्हटले होते. व्याज आणि दंड धरून आकडा काही लाखांवर जाणार होता.

पेढीचे थोरले अण्णा गडबडले नाहीत. महापुरात कृष्णेचे पाणी पेढीत शिरले, तेव्हा बऱ्याच फायली माळ्यावर चढवल्या गेल्या. पण खालच्या दोन कपाटांतले कागद लगद्याच्या रूपातच बाहेर आले. त्या अनुभवानंतर धाकट्या आप्पांनी नवा दंडक घातला. प्रत्येक बिल स्कॅन करायचे आणि ४ टेराबाइटच्या मोठ्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्ये ठेवायचे. टॅलीचा बॅकअपही त्याच डिस्कवर. वडिलांच्या अमृतमहोत्सवाची चित्रफीतही त्याच डिस्कवर. वडील त्यानंतर दोन वर्षांनी गेले. पुढे गोदामात जागेची अडचण झाली, तेव्हा स्कॅन झालेले कागद रद्दीत गेले. ‘डिस्कमध्ये आहेत की!’ हे वाक्य त्या दिवशी दिवाणजींनीच उच्चारले होते.

तिजोरीतून डिस्क काढली, अडॅप्टर लावला, संगणकाला जोडली. समोरचा पांढरा दिवा लागला, आतून ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि दिवा विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. संगणकाला डिस्क दिसेचना. केबल बदलून पाहिली, पोर्ट बदलून पाहिला, फरक नाही. तेव्हा अण्णांच्या चिरंजीवाने आपल्या लॅपटॉपचा चार्जर आणला. त्याची पिन डिस्कच्या भोकात बरोबर बसली. “काका, अडॅप्टरच कमजोर झालाय, यानं होईल,” असे म्हणून त्याने बटण दाबले. दिवा क्षणभरही लागला नाही. चार्जरवरचा हिरवा दिवा मात्र विझला. यानंतर मूळ अडॅप्टर पुन्हा लावला, तेव्हा पहिल्यासारखी टिकटिकही उरली नव्हती.

पहिल्या अर्ध्या तासात डिस्कला प्रत्यक्षात काहीच झालेले नव्हते. जे झाले ते शेवटच्या अर्ध्या मिनिटात. डिस्क घेऊन काका-पुतणे ज्या दुरुस्तीकाराकडे गेले, त्याच्या हे लवकर ध्यानात आले. कारण त्याने पेटी उघडण्याआधी अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचली. डिस्कच्या तळाशी १२ व्होल्ट, १.५ अँपिअर असे छापलेले होते आणि बरोबर आणलेल्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट, ०.५ अँपिअर. “आप्पा, हा अडॅप्टर या डिस्कचा नाहीच. दिवाळीत रंगकाम काढलं होतं का?” असे त्याने विचारले.

काढले होते. रंगाऱ्यांसाठी सगळ्या वायरी सुटल्या, एका खोक्यात पडल्या आणि पुन्हा जोडताना इंटरनेटच्या राउटरचा अडॅप्टर डिस्ककडे आला, डिस्कचा राउटरकडे गेला. दोन्ही काळे, दोन्ही १२ व्होल्टचे, दोघांची पिन सारखीच. राउटरला अर्धा अँपिअर पुरतो. दीड अँपिअर देऊ शकणारा अडॅप्टर मिळाला तरी तो आपल्यापुरतेच घेतो, त्यामुळे घरातले इंटरनेट विनातक्रार चालू होते आणि कोणाला संशय येण्याचे कारणच नव्हते. उलट बाजूचे गणित मात्र जुळत नाही. टेबलावर ठेवायच्या मोठ्या डिस्कमध्ये मोठ्या तबकड्या असतात. त्या स्थिर अवस्थेतून गतीला आणताना मोटर पहिले काही क्षण दीड ते दोन अँपिअर ओढते. एकदा वेग आला की मागणी बरीच उतरते. अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर त्या पहिल्या ओढीतच मान टाकतो, व्होल्टेज कोसळते, सर्किट बंद होऊन पुन्हा सुरू होते. दिवा लागणे आणि विझणे, बारीक टिकटिक, हे त्याचेच लक्षण. दिव्याला वीज लागते नाममात्र. म्हणून दिवा लागला एवढ्यावरून वीज पुरेशी आहे असे समजता येत नाही.

अडॅप्टरची चाचणी करताना जाणते लोकही एके ठिकाणी फसतात. मल्टिमीटर लावून मोकळ्या अडॅप्टरचे व्होल्टेज मोजले तर ते १२ च दाखवते. वजन न ठेवलेल्या तराजूचा काटा मध्यावर असावा, तसेच हे. भार पडल्यावर तो टिकतो की नाही, हे कळायला त्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा अडॅप्टर लावून पाहणे हाच सरळ मार्ग आहे. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअर जास्त असला तर चालतो, कमी असता कामा नये. पिनेच्या मधल्या टोकाचे धन-ऋण चिन्हही लेबलावर छापलेले असते, तेही जुळवावे. पिन भोकात बसली याला काडीचाही अर्थ नाही. पिनांची मापे वेगवेगळ्या व्होल्टच्या उपकरणांत सर्रास सारखी असतात.

लॅपटॉपचा चार्जर होता १९ व्होल्टचा. १२ व्होल्टच्या वाटेवर १९ व्होल्ट आले की पहिला घाव झेलतो तो डिस्कच्या हिरव्या सर्किट पट्टीवरचा एक छोटा संरक्षक डायोड. जादा व्होल्टेज आले की तो स्वतः जळून आरपार शॉर्ट होतो आणि मागच्या चिपा वाचवतो. त्यानंतर कोणताही अडॅप्टर लावला तरी वीज त्या शॉर्टमधून वाहून जाते आणि अडॅप्टर आपले संरक्षण म्हणून बंद पडतो. डिस्कला जोडताच अडॅप्टरचाच दिवा विझला किंवा लुकलुकू लागला, तर बिघाड बहुधा या जागी आहे. लक्षण पूर्ण निर्जीवतेचे, पण माहितीच्या दृष्टीने ही तुलनेने चांगली अवस्था आहे. तबकड्यांना धक्का लागलेला नसतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपण जिला एक्स्टर्नल हार्ड डिस्क म्हणतो ती वास्तविक दोन वस्तूंची जोडी असते. बाहेरची प्लास्टिकची पेटी, तिच्यातली यूएसबीची छोटी पट्टी आणि आत संगणकात बसते तशीच साधी हार्ड डिस्क. बऱ्याच वेळा बिघडते ती पेटी, केबल किंवा अडॅप्टर. आतली डिस्क शाबूत असते. त्यामुळे मोठ्या पेटीतली डिस्क बाहेर काढून थेट संगणकाला किंवा डॉकला जोडता येते. यात मेख आहे ती अशी. काही पेट्यांमधली यूएसबीची पट्टी, मालकाने पासवर्ड कधी ठेवलेला नसला तरी, सारी माहिती सांकेतिक रूपात लिहीत असते. ती पट्टी नसेल तर डिस्कवरचे काहीच वाचता येत नाही. म्हणून जुनी पेटी निकामी वाटली तरी तिची पट्टी फेकू नये. आणखी काही पेट्या माहितीचे भाग डिस्कहून निराळ्या मापाने मोजतात. मग डिस्क थेट जोडली की विंडोज म्हणते, डिस्क ‘इनिशिअलाइझ’ करा किंवा ‘फॉरमॅट’ करा. या प्रश्नाला नेहमी ‘नाही’ हेच उत्तर द्यायचे असते. घाईत ‘होय’ म्हटल्यामुळे झालेले नुकसान अडॅप्टरमुळे होणाऱ्या नुकसानापेक्षा अधिक असते. ‘चेक डिस्क’ सारखी दुरुस्तीची आज्ञाही या टप्प्यावर देऊ नये. ती लिहिलेले बदलते, आणि बदललेले परत मिळत नाही.

सांगलीच्या पेढीची डिस्क मोठी होती. परंतु बहुतेक घरांत असते ती खिशात मावणारी, अडीच इंची, निराळा अडॅप्टर नसलेली डिस्क. तिला वीज संगणकाच्या यूएसबीतूनच मिळते आणि म्हणून तिच्या तक्रारी वेगळ्या. यूएसबी २.० चा पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३.० चा ९००. सुरुवातीच्या ओढीला या डिस्कला कधी कधी १ अँपिअरच्या आसपास लागते. बरेच पोर्ट नियमापेक्षा थोडे अधिक देतात, म्हणून एरवी निभावते. पण जुना संगणक, पुढच्या बाजूचा पोर्ट, लांब केबल आणि त्यात एकाच हबला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर असे गोतावळ्याने लटकलेले. मग डिस्कच्या वाट्याला उरते काय? अशा वेळी इतर सर्व उपकरणे काढून, मागच्या बाजूच्या पोर्टला, आखूड केबलने डिस्क जोडून पाहावी. स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मिळाला तर आणखी उत्तम.

केबलविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण छोट्या डिस्कच्या तक्रारींत पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. बऱ्याच डिस्कांची पिन रुंद, चपटी, मध्ये खाच असलेली असते. तिचे तोंड नाजूक असते आणि केबल गुंडाळताना तिच्या मानेपाशीच आतली तार तुटते. वरून काही दिसत नाही. दुसरी तशी केबल हाताशी नसेल तर जुन्या मोबाइलची मायक्रो यूएसबी केबल त्या रुंद भोकाच्या मोठ्या भागात बसते आणि डिस्क तिच्यावर चालते, वेग कमी मिळतो इतकेच. मात्र काही स्वस्त केबलींत केवळ चार्जिंगच्या तारा असतात. त्यांवर डिस्क फिरते आणि संगणकाला ती दिसत नाही. मग माणूस उगाच डिस्कला दोष देत बसतो.

‘डिस्क चालू होत नाही’ या एका वाक्याखाली किती निरनिराळ्या गोष्टी मोडतात, हे तळहाताने कळते. डिस्क टेबलावर सपाट ठेवावी, तिच्यावर हलका हात ठेवावा आणि मग जोडावी. काहीच जाणवत नसेल, दिवाही नसेल, तर वीज पोहोचत नाही. बारीक थरथर एकसारखी लागत असेल तर मोटर फिरते आहे आणि वीज हा प्रश्नच नाही. तेव्हा शोध केबलच्या माहितीवाहक तारांचा किंवा संगणकाच्या बाजूचा घ्यायचा. दिवा आहे, पण थरथर नाही आणि बारीक ‘बीप, बीप’ असा सूर येतो, तर मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे आणि तिला जमत नाही. हा सूर वीज अपुरी असतानाही येतो आणि वाचनाचे टोक तबकडीला चिकटले असतानाही येतो. केबल आणि पोर्ट बदलल्यावरही तो गेला नाही, तर तिथेच थांबावे. थरथर लागते, पण तिच्याबरोबर घड्याळासारखा ठोका पडू लागतो, तेव्हा तर दुसऱ्यांदा वीज देऊ नये. प्रत्येक प्रयत्नागणिक टोक तबकडी खरवडत असण्याची शक्यता असते.

या अवस्थेत घरोघरी तीन उपाय सांगितले जातात. डिस्क पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवणे, तिला टेबलावर हलके आपटणे, आणि तशाच दुसऱ्या डिस्कची हिरवी पट्टी काढून हिला बसवणे. पहिल्यात बाहेर काढताच आत दव धरते. दुसऱ्याबद्दल बोलण्याची गरज नाही. तिसरा उपाय पूर्वी चालत असे; पण अलीकडच्या डिस्कांत प्रत्येकीच्या मोजमापांची नोंद तिच्याच पट्टीवरच्या एका चिपमध्ये असते, आणि ती चिप कुशल हाताने नव्या पट्टीवर हलवल्याशिवाय दुसऱ्या डिस्कची पट्टी उपयोगी पडत नाही. डिस्कचे धातूचे झाकण तर घरी उघडूच नये. वाचनाचे टोक तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असते. धुळीचा साधा कण त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. प्लास्टिकची पेटी उघडणे आणि हे झाकण उघडणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पेढीच्या डिस्ककडे पुन्हा वळू. दुरुस्तीकाराने जळलेला डायोड काढला, त्या जागी नवा बसवला आणि डिस्क थेट संगणकाला जोडली. ती फिरली. पडद्यावर मात्र आली ती ‘इनिशिअलाइझ’ची सूचना. पुतण्याच्या तोंडचे पाणी पळाले. दुरुस्तीकाराने सूचना बंद केली आणि जुन्या पेटीची पट्टी पाहिली. तीही १९ व्होल्टने गेलेली होती. त्याच कंपनीची, त्याच प्रकारची जुनी पेटी मिळवण्यात नऊ दिवस गेले.

ते नऊ दिवस दिवाणजी हात बांधून बसले नाहीत, हे विशेष. जीएसटीच्या पोर्टलवर त्या वर्षाची पेढीची स्वतःची विवरणपत्रे आणि पुरवठादारांनी दाखवलेल्या विक्रीची यादी उपलब्ध होती. बँकेच्या उताऱ्यांवरून रकमा कोणाला, केव्हा दिल्या ते जुळले. सनदी लेखापालांच्या कार्यालयात त्या वर्षाच्या लेखापरीक्षणाच्या वेळी दिलेला टॅलीचा डेटा निघाला, आणि पेढीच्या अडगळीतल्या जुन्या संगणकात टॅलीच्या डेटा फोल्डरखाली १०००० सारख्या पाच अंकी नावाचे मूळ फोल्डरही सापडले. त्यातल्या एका कंपनीला टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड होता. तो विसरला तर टॅलीवाल्यांकडूनही परत मिळत नाही. सुदैवाने अण्णांच्या खिशातल्या डायरीत तो लिहिलेला होता. आकडे असे बहुतेक उभे राहिले. उभी राहात नव्हती ती बिले. क्रेडिट मागणाऱ्याच्या ताब्यात कर-बिल असले पाहिजे ही कायद्याच्या कलम १६ ची अट आहे, आणि कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हे दप्तर जपण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची आहे. वाद चालू असेल तर त्याहूनही पुढे. दोन पुरवठादारांनी दुसरी प्रत पाठवली. बारदानाच्या एका व्यापाऱ्याने धंदाच बंद केला होता.

पूर्वीच्या पेढ्यांत रोजकीर्द आणि खतावणी या दोन वह्या स्वतंत्र असत. एक गेली तरी दुसरीवरून ती बव्हंशी पुन्हा उभी करता येई. हा मुळात सुरक्षिततेसाठी योजलेला प्रकार नव्हे, पण तो तसा उपयोगी पडे. हरिपूरच्या पेवांत हळद ठेवणारे लोकही सारा माल एकाच पेवात उतरवत नसत. आणि २००५ च्या पुरात त्या पेवांचे काय झाले हे सांगलीकरांना सांगायला नको. डिस्कच्या बाबतीत मात्र शहाणी माणसेही एकच पेव भरतात आणि त्याला बॅकअप म्हणतात. मूळ कागद असेपर्यंत आप्पांची डिस्क हा खरोखर बॅकअप होता. कागद रद्दीत गेले त्या दिवशी ती एकमेव प्रत झाली, आणि हा बदल कोणाच्या लक्षात आला नाही.

डिस्क बाहेरगावच्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवायची वेळ आलीच, तर बँकेत लॉकर घेताना जितकी विचारपूस करतो तितकी तिथे करावी. नुसत्या तपासणीचे पैसे पडतात का, माहिती न निघाल्यास काय आकारणार, अंदाज लेखी देणार का, माहिती कोण पाहणार आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत कधी पुसणार, हे आधी विचारावे. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक पावतीत लिहून घ्यावा. त्या डिस्कमध्ये केवळ पेढीचा हिशेब नसतो, ग्राहकांचे पॅन आणि बँक खात्यांचे क्रमांकही असतात.

दहाव्या दिवशी जुनी पेटी आली. डिस्क तिच्यात बसवली, १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर लावला आणि सगळी फोल्डरे जशीच्या तशी उघडली. दुरुस्तीकाराने पहिल्याप्रथम, एकही फाइल न उघडता, सारे काही दुसऱ्या नव्या डिस्कवर उतरवून घेतले. त्याला रात्रभर लागली. बारदानवाल्याची अकरा बिले दिवाणजींनी सकाळी छापून घेतली आणि मुदतीला आठ दिवस उरले असताना खुलासा दाखल झाला. निकाल अद्याप यायचा आहे.

आता पेढीत तीन प्रती आहेत. एक कामाच्या संगणकावर, एक तिजोरीतल्या डिस्कवर आणि एक विश्रामबागला आप्पांच्या मुलीच्या घरी. ती डिस्क दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बदलली जाते. पेढी भागीदारीची असल्याने तिला लागू नाही, पण ज्या घरांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केली आहे त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक दप्तराची प्रत भारतातील सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे नियमानेच आवश्यक आहे. तिमाहीला एकदा दिवाणजी बॅकअपमधले एखादे जुने वर्ष दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहतात. पहिल्याच खेपेस, एका वर्षाचे फोल्डर रिकामे आहे असे त्यांना आढळले.

अमृतमहोत्सवाची चित्रफीत घरातल्या सर्वांनी त्याच आठवड्यात एकत्र बसून पाहिली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी घरातला आणि पेढीतला प्रत्येक अडॅप्टर टेबलावर मांडला, पांढरी चिकटपट्टी आणली आणि चष्मा लावून एकेकावर आपल्या वळणदार अक्षरात लिहीत गेले: ‘डिस्क, १२ व्होल्ट, दीड’, ‘राउटर, १२ व्होल्ट, अर्धा’. दोन अडॅप्टर असे निघाले की ते कशाचे, हे कोणालाच सांगता आले नाही.